लिंबाखालची हद्द

अब्बा, गल्लीच्या तोंडाला फाटक लागलं. हे तुम्हाला मीच सांगायला हवं, कारण त्याचा एक खांब तुमच्या जागेत रोवलाय. लिंबाच्या बुंध्यापासून हातभर पलीकडे, जिथे तुमची घोडी बांधलेली असायची, तिथेच. जागा माझ्याकडे आली, म्हणून गल्लीतली माणसं मला विचारायला आली आणि मी हो म्हणाले. खानापूरचं सागवान आहे, वर लोखंडी पट्ट्या मारल्यात, आणि उघडताना असं करकरतं की सकाळी दूधवाला आला की सगळी गल्ली कूस बदलते. हे सगळं तुम्हाला उर्दूत लिहायला हवं होतं. तुम्हीच मला ती शिकवलीत, कान पिळून. पण माझा जन्म मराठी शाळेत पोरींच्या वह्या तपासण्यात गेला, आता मनातलं काही लिहायचं म्हटलं की हात मराठीकडेच वळतो. घरात दखनी आणि दारात मराठी असं तुमचंही होतंच, तेव्हा रागावू नका. हे दारातलंच बोलणं आहे. मी थकलेय, अब्बा. पन्नाशी अजून पुरी झाली नाही, पण यंदा उन्हाळ्यापासून पंजाबच्या बातम्या ऐकून ऐकून अंगातला जोर गेल्यासारखा झालाय. शाळेत उभी राहते ती सवयीनं.

तुमच्या वेळचं पटांगण अजून तसंच आहे. आपली गल्ली संपते, मग ती मोकळी लांबट पट्टी, मधोमध हद्दीचा दगड आणि पलीकडे शहापूरच्या विणकरांची घरं. दगडाच्या अलीकडे इंग्रजांचं बेळगाव, पलीकडे संस्थान. आता इंग्रज गेले, पण दगडाला ते कुणी सांगितलेलं नाही. चोर पटांगण ओलांडून पळाला की आपल्याकडचा शिपाई दगडापाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि परत जायचा. त्यांच्याकडचा तर दगडापर्यंतही यायचा नाही. म्हणून दोन्हीकडच्या माणसांनी आपापलं बघायचं, अशी इथली रीतच पडून गेली होती. तुम्ही पलटणीतून हवालदार होऊन परत आलात, पेन्शन बसली, आणि तुम्ही त्या लिंबाखाली कट्टा बांधून घेतलात. एक म्हातारी घोडी विकत आणलीत, ती कुणाच्या टांग्यालाही चालण्यासारखी नव्हती. सकाळी पोरांना कुराणाचा सिपारा शिकवायचा तोही तिथेच, दुपारी डुलकी काढायची तीही तिथेच. अम्मी म्हणायची, एवढं घर बांधलं ते कुणासाठी, घोडीसाठी? तुम्ही हसून म्हणायचात, मी पहाऱ्यावर आहे. कशाचा पहारा, ते तिला शेवटपर्यंत पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते एका रिकामटेकड्या पेन्शनराचं खूळ वाटायचं.

रिबातची गोष्ट तुम्ही मला त्या कट्ट्यावरच सांगितलीत. जुन्या काळी मुसलमानी मुलखाच्या अगदी कडेला, जिथून पुढे परका मुलूख, तिथे एक भक्कम घर असायचं. घरच्या जबाबदाऱ्या उरकून माणसं काही दिवसांसाठी तिथे जाऊन राहायची. घोडे बांधून तयार ठेवायचे, पाळीपाळीनं जागायचं, उरलेल्या वेळात नमाज, वाचन, थोडी शेती. येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूला पाणी आणि भाकरी. मी विचारलं होतं, लढाई कधी करायची? तुम्ही म्हणालात, बऱ्याच जणांच्या वाट्याला ती यायचीच नाही. बसणं हेच काम. एक नमाज झाल्यावर पुढच्या नमाजीची वाट बघत बसणं हीसुद्धा रिबातच, असं हदीसमध्ये आहे, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि मला ते फार सोयीचं वाटलं होतं, कारण मला मुळातच बसून राहायला आवडायचं.

पण तुम्ही हे सगळं किताबातून शिकला नव्हता. वायव्येच्या सरहद्दीवर एका दगडी चौकीत तुम्ही कित्येक हिवाळे काढले होते. समोर सुका नाला आणि नाल्यापलीकडे डोंगरातली माणसं, जी सरकारच्या चौकीवर गोळ्या झाडायची. पहाटे पलीकडून अजान यायची. चौकीतले तुम्ही तिघे-चौघे मुसलमान शिपाई त्या अजानीवर उठून हातपाय धुवून वजू करायचात, नमाज पढायचात, आणि उजाडलं की त्याच अजान देणाऱ्याच्या दिशेनं बंदुका रोखून बसायचात. पलीकडचा माणूस स्वतःच्या बसण्याला रिबात म्हणत होता, तुम्ही तुमच्या बसण्याला नोकरी म्हणत होता. एका हिवाळ्यात पलीकडची अजान अचानक थांबली. तुम्ही म्हणालात, त्या दिवशी मला चौकीत चैन पडेना, वजूचं पाणी हातातच निवलं. मी कुणाची हद्द राखत होतो ते मला तिथे कधी कळलं नाही, असं तुम्ही मला सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज अगदी साधा होता. ती गोष्ट सांगताना तुम्ही घोडीच्या मानेवरची गोचीड काढत होता, हेही मला आठवतं.

आता ज्या दिवसामुळे मी हे लिहायला बसले तो दिवस. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. बाजारात एका गाडीवानाचं आणि एका दुकानदाराचं भांडण झालं, डोकं फुटलं, आणि गाडीवान आपला, दुकानदार त्यांचा, एवढ्यावरून दोन दिवस गाव धुमसत होतं. आपल्या गल्लीतल्या जवान पोरांनी संध्याकाळी पटांगणात बैलगाड्या आडव्या लावून वाट बंद केली. सकाळी विणकरांचे आप्पा आपल्या माणसांना घेऊन पाजणीला आले. पाजणी तुम्हाला माहीतच आहे, पण मला ती पुन्हा डोळ्यांसमोर आणायची आहे. लुगड्याचा अख्खा ताणा, हजारो उभे सुती धागे, फुलीसारख्या बांधलेल्या बांबूंवर छातीच्या उंचीला लांबच लांब ताणायचा, त्याला खळ लावायची आणि वाळेपर्यंत दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत चालायचं. त्याला जागा लांब हवी, आणि अशी लांब जागा आसपास ते पटांगण सोडून कुठेच नव्हती. आप्पा गाड्यांपुढे उभे राहिले. खळीच्या घमेल्यातून वाफ निघत होती, आणि खळ निवली की फुकट. ते तुमच्याकडे बघत राहिले.

तुम्ही कट्ट्यावरून उठलात. पोरांना म्हणालात, गाड्या काढा. पोरं म्हणाली, हवालदारचाचा, ते आत आले तर? तेव्हा तुम्ही जे बोललात ते पुढे माझ्या भाच्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलंय, पण अर्धंच. तुम्ही म्हणालात, "हद्द बंद केली की मग ती राखायला कुणी बसत न्हाय. समदी घरात जाऊन निजत्यात. हद्दीवर बसायचं असतंय." गाड्या निघाल्या. आणि मग तुम्ही आप्पांकडे वळून एक मागणं मागितलंत. रोज ते आपल्या गल्लीचं तोंड सोडून, पलीकडच्या अंगाला ताणा घालायचे. तुम्ही म्हणालात, आज तो इथे घाला, गल्लीच्या तोंडावरून आडवा, शेवटचं टोक माझी घोडी बांधायच्या कडीला बांधा. एका अंगाला विहिरीचा कठडा, दुसऱ्या अंगाला ओढा. ताणा पडला की आत येणाऱ्याला त्याखालूनच यावं लागणार.

आप्पांना ते लगेच कळलं. ते काही भोळे नव्हते. सूत सावकाराचं, मेहनत घरातल्या सगळ्यांची, आणि तुम्ही त्यांना ते सगळं दंग्याच्या वाटेत आडवं घालायला सांगत होता. त्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावून काहीतरी कानडीत म्हटलं, ते शुभ नव्हतं. आप्पांनी खळीत बोट घालून ती किती निवली ते पाहिलं. मग विचारलं, "आन् तोडला तर, हवालदार?" तुम्ही म्हणालात, "तर मी सांधीन." मला हसू यायला हवं होतं. तुमच्या बोटांनी कधी सुईत दोरा ओवला नव्हता. आप्पाही हसले नाहीत. त्यांनी माणसांना खूण केली आणि बांबू आपल्या गल्लीच्या तोंडाशी रोवायला सुरुवात झाली.

दुपारी माणसं आली. बाजाराच्या बाजूनं, विणकरांच्या गल्लीतून, हातात काठ्या आणि मधे मधे घोषणा. मी खिडकीतून बघत होते, अम्मी मागून माझा दंड घट्ट धरून. ती माणसं पटांगणात आली आणि समोर ओला ताणा. आप्पा, त्यांची मुलं, सुना, सगळी कुंचे घेऊन दोन्ही अंगांना आपापलं काम करतायत. कुणी वर बघत नाही. पुढच्या माणसांनी काठ्या खाली केल्या, कारण काठी लागली तर सूत तुटणार, आणि सूत कुणाचं ते त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आप्पा कुंचा न थांबवता म्हणाले, "सावकाश रं. वलं हाय. खालनं वाकून जावा." अब्बा, मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी पाहिल्या, पण ते दृश्य विसरणं शक्य नाही. एकेक माणूस वाकून, टोपी एका हातानं धरून, काठी दुसऱ्या हातात आडवी घेऊन, मानेला सूत लागू न देता खालून निघतोय, आणि अलीकडे सरळ उभा राहतो तेव्हा समोर तुम्ही, कट्ट्यावर, पाण्याची घागर शेजारी ठेवून. पहिले तिघे-चौघे आले आणि तिथेच घुटमळले. मागच्यांना वाकायचा कंटाळा आला असावा. कुणीतरी म्हणालं, लई ऊन हाय. अर्ध्या तासात ती गर्दी जशी आली तशी पांगली. तुमच्या घागरीतलं पाणी मात्र कुणी प्यायलं नाही, मुसलमानाच्या हातचं ते पीत नसत, आणि तुम्हीही पुढे केलं नाहीत. तुम्ही फक्त त्यांच्यातल्या एकाला विचारलंत, तुझ्या बापाचा गुडघा कसा आहे. तो म्हणाला, बरा हाय. मग तो परत वाकून निघून गेला.

हीच गोष्ट आजही गल्लीत सांगितली जाते. सांगता सांगता ताणा वाढलाय, माणसं वाढलीत, तुमची मिशीही वाढलीय. पण त्यापुढची गोष्ट कुणी सांगत नाही. वातावरण निवेपर्यंत आप्पा रोज ताणा लिंबापाशी, या आपल्या गल्लीच्याच तोंडाशी घालत राहिले, आणि एका पहाटे, नुकताच घातलेला ताणा ठेवून माणसं न्याहारीला गेली असताना, कुणीतरी तो विळ्यानं सरळ आडवा कापला. आपल्यातल्या कुणी की त्यांच्यातल्या कुणी, ते कधी कळलं नाही. दोन्हीकडे नावं घेतली गेली, दोन्हीकडे शपथा झाल्या. मी रागानं तुम्हाला म्हणाले होते, शोधून काढा, पोलिसात द्या. तुम्ही माझ्यावर ओरडलात. आयुष्यात दोन-तीनदाच ओरडलात, त्यातलं हे एक. म्हणालात, "शोधायला बसलो तर सांधणार कधी? सूत वाळाय लागलंय." आणि तुम्ही बसलात.

धागा सांधायला चिमटीत राख घ्यायची, दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवायची आणि अंगठ्यानं पीळ द्यायचा. आप्पांची बायको एका दमात पाच-सहा सांधायची तेव्हा तुमचा एक व्हायचा, आणि तोही बऱ्याचदा ओढल्याबरोबर निसटायचा. तिनं पहिल्यांदा तुमच्या हातातून धागे काढून घेतले. तुम्ही पुन्हा घेतलेत. मग तिनं तुमचा अंगठा धरून पीळ कसा द्यायचा ते दाखवलं. ती बाई तुमच्या हातचं पाणी प्यायची नाही, पण तिनं तुमचा अंगठा धरला. मीही बसले. दिवसभर आम्ही सगळे हजारो टोकांपुढे मान घालून बसलो होतो. दुपारी जोहरची वेळ झाली तेव्हा तुम्ही उठून जरा बाजूला नमाज पढलात आणि परत येऊन राख घेतलीत. संध्याकाळी तुमची बोटं वाकेनात, म्हणून अम्मीनं तुम्हाला घास भरवला, आणि तुम्ही लाजून खालमानेनं जेवलात. मला तेव्हा वाटलं होतं, पहारा म्हणजे हे असेल तर तो मला नको. एक तुकडा सूत वाचवायला एवढी माणसं आणि एवढा दिवस.

त्या ताण्याचं लुगडं विणून झालं तेव्हा जिथे सांधणी होती तिथे कापडात एक आडवी खरखरीत पट्टी उठली. बाजारात ते खपण्यासारखं नव्हतं. आप्पांनी ते मला दिलं. म्हणाले, शाळंत नेस, पोरींना दिसायचं न्हाय. निऱ्यांत जाईल असं ते नेसायचं मी शिकले, आणि कित्येक वर्षं नेसले. वर्गात उभी असताना हात आपोआप त्या खरखरीत जागेवर जायचा. आता ते विरलंय, पेटीत घडी घालून ठेवलंय.

तुम्ही गेलात त्यानंतर घोडीही फार दिवस राहिली नाही. आप्पा गेले. पाजणी अजून बरीच वर्षं पटांगणात चालायची, मग हळूहळू सूत कारखान्यातून खळ लावूनच यायला लागलं. आता यंत्रमागही आलेत, त्यांच्या गल्लीतून दिवसभर खडखडाट येतो. पटांगणात कुणी ताणा घालत नाही. पोरं क्रिकेट खेळतात आणि बकऱ्या चरतात. हे मी एवढ्यासाठी लिहिते की फाटकाची गोष्ट निघाली तेव्हा मी भांडले, पण भांडताना माझ्या हातात काही नव्हतं.

माझा भाचा, माझ्या भावाचा पोरगा, आता गल्लीतल्या जवानांचा म्होरक्या आहे. भला मुलगा आहे, तंबाखूच्या वखारीत निपाणीला काम करायचा, यंदा ते सोडून घरी आला. त्यानं काठीची कवायत सुरू केली, शिट्ट्या आणल्या, पाळ्या ठरवल्या. एक दिवस जुम्म्याच्या नमाजीनंतर तो पाच-सहा जणांना घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, फुप्पू, आता गल्ली राखणं फर्ज आहे. आम्ही रिबात करतोय. तुमचा शब्द, तुमच्या कट्ट्यावरचा, त्याच्या तोंडी. कुठल्याशा सभेत कुणी भाषण केलं होतं, त्यात त्यानं तो ऐकला होता. चुकीचा नव्हता. मी त्याला विचारलं, तुझ्या रिबातीत वाटसरूला पाणी कुठे ठेवणार? त्याला वाटलं मी थट्टा करते. तो म्हणाला, फुप्पू, दिल्लीत काय चाललंय तुम्हाला माहीत आहे का? माहीत होतं. मलाही वर्तमानपत्र वाचता येतं. मग मी तुमची गोष्ट काढली, ताण्याची, आणि तो अगदी अदबीनं म्हणाला, "फुप्पू, तवा मधी सूत हुतं. आता मधी काय हाय?" त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मी त्यांना दोन दिवस थांबवलं. म्हटलं, मला विचार करायचाय. खरं म्हणजे मला आप्पांच्या थोरल्याला विचारायचं होतं. तो आता साठीकडे झुकलाय, रोज सकाळी लुगड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन या आपल्या गल्लीतून कॅम्पाकडे विकायला जातो, तोच त्याचा जवळचा रस्ता. पण मी विचारण्याआधी तोच आला. कट्ट्यावर बसला, तुमच्या जागी नव्हे, जरा बाजूला, सवयीनं. म्हणाला, आमच्याकडचीबी फाटक लावायच्या गोष्टी करत्यात. मी म्हणाले, तुला काय वाटतं? त्यानं पटांगणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "लावा आक्का. पोरं ऐकायची न्हाईत. पर माझी वाट तेवढी ठिवा. मला आता एवढा वळसा घालून जाववत न्हाय." मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. इतक्या वर्षांच्या शेजाराचं शेवटी एवढंच मागणं उरलं होतं, आणि ते अगदी रास्त होतं.

तेव्हा मी भाच्याला सांगितलं, खांब माझ्या जागेत घाल, पण माझी एक अट आहे. फाटकाच्या अंगात माणसापुरती दिंडी ठेवायची, छोटा दरवाजा, आणि त्याला आतून कडी असली तरी ती लावायची नाही. दिवसाही नाही, रात्रीही नाही. तो म्हणाला, मग फाटक कशाला? मी म्हणाले, तुमच्या रिबातीसाठी फाटक आणि हवालदारांच्या रिबातीसाठी दिंडी. त्या दिंडीपाशी पाळीनं माणूस बसेल, झोपणार नाही, येणाऱ्याला नाव विचारेल आणि पाणी विचारेल. बसणारा असला की कडी लागत नाही. गल्लीत यावर खूप हशा झाला. कुणी म्हणालं, मास्तरीणबाई आता फाटकालाही शिस्त लावणार. पण जागा माझी होती आणि मी हट्टाला पेटले होते, म्हणून त्यांनी मानलं. सुताराला मी दिंडीची चौकट ठेंगणी करायला सांगितली. तो म्हणाला, बाई, डोकी आपटतील. मी म्हणाले, वाकतील. आप्पांचा थोरला तेव्हा तिथेच उभा होता, सुताराला कडी कुठे बसवायची ते दाखवत, आणि तो पहिल्यांदा हसला.

त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, अब्बा. लहान पोरीसारखं वाटलं होतं की आता तुम्ही कट्ट्यावरून बघत असाल आणि अम्मीला सांगत असाल, बघ, हिनं ऐकलं होतं. तुमची ती घागर मी माळ्यावरून काढली, घासली, भरून दिंडीपाशी ठेवली. पहाऱ्याच्या पहिल्या पाळीला भाचा स्वतः बसला. मी घराचं दार ओढून आत आले.

हे पत्र कुठे टाकणार, ते मला माहीत नाही. तुमच्या कबरीवर ठेवलं तर शेळ्या खातील. पेटीत त्या लुगड्याखाली ठेवीन, दुसरी जागा नाही. पण एवढं लिहिलंय तर उरलेलंही लिहायला हवं.

पहिल्या रात्री मला झोप येईना. कान दिंडीकडे. बकरी हलली तरी उठून बसायची. शेवटी उठून बाहेर गेले. भाच्याची पाळी संपली होती, त्याच्या जागी दुसरी दोन पोरं कट्ट्यावर एकमेकांच्या खांद्याला टेकून गाढ झोपली होती, आणि दिंडी उघडी, पलीकडे नुसतं पटांगण. मी त्यांना उठवायला हवं होतं. स्वतः बसायला हवं होतं, तुमच्या कट्ट्यावर, सकाळपर्यंत. पाय दुखत होते. मी दिंडी ओढून घेतली, कडी लावली आणि घरात येऊन आडवी झाले.

सकाळी थाप ऐकून जाग आली. मी पोरांच्या आधी धावले. दिंडी उघडली तर आप्पांचा थोरला गठ्ठा डोक्यावर घेऊन उभा. त्यानं विचारलं, "आक्का, कडी लागलिया जणू?" मी म्हणाले, वाऱ्यानं लागली असंल. तो हं म्हणाला, गठ्ठा डोक्यावरून उतरवून पोटाशी धरला, वाकून आत आला आणि कॅम्पाच्या वाटेला लागला. जाताना त्यानं कडीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

ती कडी वर उचलून मग आडवी फिरवावी लागते, अब्बा. वाऱ्यानं लागत नाही. हे त्याला माहीत आहे, ती बसवताना तो तिथेच होता. आणि त्या रात्री, कित्येक महिन्यांनी, मला इतकी गाढ झोप लागली होती की पहाटेची अजानसुद्धा मला ऐकू आली नाही.